हात ढिले करणारा माणूस

निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण पहाटे साडेचारला डोळे उघडतात ते उघडतातच. स्टँड-टूची वेळ शरीरातून जात नाही. पोस्टवर त्या वेळी हत्यार घेऊन मोर्चात उभं राहायचं आणि उजाडेपर्यंत समोर बघत राहायचं. घरी समोर बघायला आमचाच गोठा. पहिले काही महिने मी स्वयंपाकघरात खुडबुड करत फिरायचो. शेवटी बायको म्हणाली, "अहो, सगळ्यांची झोपमोड करण्यापेक्षा काहीतरी वाचत बसा."

म्हणून पुण्याहून आणून ठेवलेलं मराठी बायबल काढलं आणि त्यातली संदेष्ट्यांची पुस्तकं वाचायला घेतली. रोज एक अध्याय. यशयाचे ६६, यिर्मयाचे ५२, यहेज्केलचे ४८ आणि बारा छोट्या संदेष्ट्यांचे मिळून ६७, असे एकूण २३३ अध्याय. दानीएलाला ज्यू लोक संदेष्ट्यांत धरत नाहीत, म्हणून मीही त्याला बाजूला ठेवलं. आमच्या घरात वडिलांपासून ज्ञानेश्वरीचं पारायण चालत आलेलं. बायकोने दोन दिवस बघितलं आणि विचारलं, "हे कुठलं नवीन पारायण?"

मी ख्रिस्ती नाही, ज्यू नाही, आणि या वयात काही नवीन होणारही नाही. हे पुस्तक हातात घ्यायचं कारण वेगळं होतं. सतरा वर्षांपूर्वी मी ते एकदा अर्धवट टाकलं होतं. यिर्मयाच्या अडतिसाव्या अध्यायावर.

तेव्हा मी उत्तर काश्मीरमधल्या एका पोस्टवर होतो. उंची अकरा हजार फुटांच्या आसपास. नोव्हेंबरात रस्ता बंद झाला की एप्रिलपर्यंत आम्ही आणि बर्फ. पोस्टचा कमांडर मीच, नवा सुभेदार. वाचायला चार महिन्यांपूर्वीची वर्तमानपत्रं, ती जाहिरातींसकट पाठ झालेली. आमच्यात नगर जिल्ह्यातला एक ख्रिस्ती हवालदार होता. त्याच्या ट्रंकेत मराठी बायबल होतं. तो म्हणाला, "साहेब, यातले संदेष्टे वाचा. तुम्हाला आवडतील. सगळे चिडलेले आहेत."

संदेष्टा म्हणजे भविष्य सांगणारा असा माझा समज होता. हवालदाराने तो लगेच दुरुस्त केला. संदेष्टा म्हणजे संदेश पोचवणारा. आपल्या भाषेत रनर. वरून आलेला मेसेज खालच्या माणसाला, तोही जसाच्या तसा, आवडो न आवडो. हे मला पटलं आणि मी वाचायला बसलो. बुखारीची ऊब, केरोसीनचा वास आणि यशया.

थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी, कारण आपल्याकडे हा इतिहास शाळेत नसतो. यहूदा नावाचं एक लहानसं राज्य, राजधानी यरुशलेम. एका बाजूला मिसर, दुसऱ्या बाजूला आधी अश्शूर आणि मग बाबेल. दोन हत्तींच्या मधली शेळी. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब चालून आला. लाखीश हा मोठा किल्ला पडला, पण यरुशलेम टिकलं. पुढे सव्वाशे वर्षांच्या आत बाबेलचा नबुखद्नेस्सर आला. सुमारे दीड वर्ष वेढा चालला आणि इ.स.पू. ५८७ मध्ये, काहींच्या हिशेबाने ५८६ मध्ये, शहर पडलं, देऊळ जळलं. यशया पहिल्या वेढ्याच्या वेळचा, यिर्मया दुसऱ्या.

हे देश मराठी शिपायाला अगदीच परके नाहीत, हे मला पलटणींचा इतिहास शिकताना कळलं होतं. १९१५ च्या डिसेंबरात कुत-अल-अमाराला पुणे डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात अडकली, तिच्यात मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या: १०३, ११० आणि ११७. १४७ दिवस वेढा चालला. पीठ संपत आलं, घोडे कापायला घेतले. घोड्याचं मांस खायला आपले बरेच शिपाई तयार नव्हते. एप्रिल १९१६ मध्ये शरणागती झाली. आणि १९१८ च्या ऑक्टोबरात ११४ मराठाने जिथे लढाई केली ते शरकत म्हणजे जुन्या अश्शूर नगरीच्या अवशेषांना लागून असलेलं ठिकाण. ज्या राज्याच्या नाशाचं नहूम तीन अध्याय भरून वर्णन करतो, त्याच्या ढिगाऱ्याशेजारी सातारा-कोल्हापूरची पोरं खंदक खणत होती.

तर यशयाचा छत्तिसावा अध्याय. सन्हेरीबाचा अधिकारी रब्शाके शहराच्या तटाखाली येतो आणि ओरडून भाषण देतो. तुमचा राजा तुम्हाला फसवतोय, मिसर येणार नाही, शरण या, आपापल्या वेलीची द्राक्षं खा. गंमत अशी की तो हे यहूद्यांच्याच भाषेत बोलतो. तटावरचे दरबारी त्याला विनवतात की बाबा, आमच्याशी अरामीत बोल, आम्हाला ती समजते. तो म्हणतो, मी तुमच्यासाठी आलोच नाही, तटावर बसलेल्या शिपायांसाठी आलोय. सायकॉलॉजिकल ऑपरेशन म्हणतात ते हेच, सत्तावीसशे वर्षांपूर्वीचं. त्यावर राजाचा हुकूम एकच होता: कुणी उत्तर द्यायचं नाही. आणि तटावरची माणसं गप्प राहिली. हा अध्याय मी त्या हिवाळ्यात दोन संध्याकाळी पोरांना गोष्टीसारखा सांगितला. त्यांना तो फार आवडला.

यिर्मया मात्र मला पहिल्यापासून खटकला. वेढा पडलेला, शहरात भाकरी संपत आलेली, आणि हा माणूस उघडपणे सांगतो की शहर पडणार. जो बाहेर जाऊन खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलच्या फौजेच्या, हवाली होईल तो जगेल. अडतिसाव्या अध्यायात सरदार राजा सिद्कीयाकडे जाऊन म्हणतात की याला मारलंच पाहिजे, शहरात उरलेल्या लढवय्यांचे हात हा ढिले करतो आहे. राजा म्हणतो, तो तुमच्या ताब्यात आहे. ते त्याला दोरांनी एका टाक्यात सोडतात. टाक्यात पाणी नाही, चिखल आहे. तो चिखलात रुततो.

हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि हवालदाराला म्हणालो, "सरदारांचं काय चुकलं? माझ्या पोस्टवर कोणी असं बोलला असता तर मीही हेच केलं असतं." तो हसला. म्हणाला, "साहेब, पुढचा अध्याय वाचा." मी नाही वाचला. जानेवारीचा महिना होता.

फेब्रुवारीत सलग तीन दिवस बर्फ पडला आणि चौथ्या दिवशी आकाश लखलखीत उघडलं. शेजारच्या पोस्टशी आमची लिंक पेट्रोल ठरलेली होती. दोन्हीकडच्या पार्ट्यांनी मध्यावर दुपारी भेटायचं. मधे एक नाला, त्याच्या अंगावर मोठा उतार. आदल्या संध्याकाळी लंगरमध्ये, सगळी पोरं जेवत असताना, एक नाईक मला म्हणाला, "साहेब, उद्या तो उतार हलणार. दोन दिवस थांबू. नाहीतर पहाटे चारला काढा, ऊन यायच्या आत पलीकडे जाऊ." त्या भागातला त्याचा तो तिसरा हिवाळा होता, माझा पहिला.

मी काय ऐकलं? उतार हलणार हे नाही ऐकलं. पोरांसमोर, जेवताना, हा मला शिकवतोय, हे ऐकलं. दोन-तीन पोरांनी ताटातून डोळे वर करून माझ्याकडे बघितलं तेही दिसलं. मी म्हणालो, "असं बोलून पोरांचं मनोबल खच्ची करायचं नाही." आणि मग, हे लिहायला आजही जड जातं, त्यालाच पार्टी कमांडर नेमलं. नको म्हणतोस ना, मग तूच जा. वेळ ठरली सकाळी नऊची.

तो सकाळी सॅल्यूट मारून गेला. एक शब्द बोलला नाही.

फार मोठं हिमस्खलन नव्हतं. दोघं सापडले. एक स्वतःच बाहेर आला. दुसरा शिपाई, वय एकवीस, वीसेक मिनिटं खाली होता. नाईकाने आणि बाकीच्यांनी फावड्यांनी, मग हातांनी उकरून त्याला काढलं. डावा पाय दगडावर चिरडला होता. पुढचे दोन दिवस हवा खराब, हेलिकॉप्टर येऊ शकलं नाही. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. वर्षभराने मेडिकल बोर्ड होऊन तो पोरगा घरी गेला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली, तशी ती बसतेच. माझ्या जबानीत हवामान, वेळ, उपकरणं, सगळं आलं. आदल्या संध्याकाळचं बोलणं आलं नाही. मला कोणी ते नेमकं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. नाईकाला मात्र विचारलं गेलं की पार्टी निघण्याआधी कोणी धोक्याबद्दल काही बोललं होतं का. मी तिथेच होतो. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "नाही साहेब."

हवालदाराचं बायबल मी परत केलं. कुठपर्यंत झालं, असं त्याने विचारलं नाही.

आता दुसऱ्या वाचनाकडे येतो. सगळंच ग्रेट आहे असं मी म्हणणार नाही. यहेज्केलचे शेवटचे नऊ अध्याय म्हणजे नव्या देवळाची मापं, एमईएसचं एस्टिमेट वाचल्यासारखं वाटतं. होशेय आणि यहेज्केल राष्ट्राला व्यभिचारी बाई ठरवून जी भाषा वापरतात ती मला बायकोला वाचून दाखवता आली नाही, आणि जे बायकोला वाचून दाखवता येत नाही त्यात काहीतरी चुकलेलं असतं असं माझं मत आहे. नहूम शत्रूचं शहर पडल्यावर ज्या चवीने वर्णन करतो ते लढाई लांबून पाहणाऱ्याचं काम वाटतं. याउलट आमोसचे पहिले दोन अध्याय तोफखान्यातल्या माणसाने जरूर वाचावेत. दमास्कस, गाझा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब, एकेका शेजाऱ्याच्या गुन्ह्यांवर तो गोळा टाकत जातो, ऐकणारे खूश होत असणार. मग यहूदा. आणि रेंज बरोबर बसली की सगळी बॅटरी इस्राएलवर, म्हणजे समोर बसलेल्यांवरच. मेंढरं आणि उंबराची फळं सांभाळणारा हा माणूस. त्याला तिथून हाकलून दिलं यात नवल नाही.

एक अवांतर. संदेष्ट्यांचं नाव मराठी मुलखात नवीन नाही. कोकणातले बेने इस्राएल, ज्यांना लोक शनिवार तेली म्हणत, ते एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने मलिदा करतात. त्यांच्यातले कितीतरी जण जुन्या मुंबई फौजेत हुद्द्यावर चढले. आणि पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची बरीच वर्षं केडगावला बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल मराठीत आणलं. ते १९२४ मध्ये, त्यांच्या मागे, छापून पूर्ण झालं. आजच्या त्या प्रदेशातल्या भांडणात या पुस्तकांना ओढणारे दोन्हीकडे आहेत. मी त्यात पडत नाही. मला माझ्या पोस्टचा हिशेब करायचा आहे.

यिर्मया दुसऱ्यांदा आला तेव्हा मी सावकाश चाललो. छत्तिसाव्या अध्यायात त्याचा लेखनिक बारूख सगळे संदेश गुंडाळीवर लिहून घेतो. ती गुंडाळी यहोयाकीम राजासमोर वाचली जाते. हिवाळा आहे, राजा हिवाळी महालात शेगडीपुढे बसलेला. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा चाकूने तेवढा भाग कापतो आणि शेगडीत टाकतो. असं करत पूर्ण गुंडाळी जाळतो. आणि पुस्तक मुद्दाम नोंदवतं की ना राजा घाबरला, ना त्याचे नोकर. हे वाचताना मला आमची बुखारी आठवली. मी तर काही जाळलं नव्हतं. फक्त लिहिलं नव्हतं.

मग सदतीस ते चाळीस हे अध्याय, जे मी तेव्हा वाचायला हवे होते. मधे मिसरची फौज येते म्हणून वेढा थोडे दिवस उठतो, तेव्हा यिर्मया आपल्या गावच्या जमिनीच्या कामासाठी बाहेर पडतो आणि वेशीवर पकडला जातो: तू शत्रूला मिळायला चाललास. तो म्हणतो, खोटं आहे. मार खातो, कोठडीत जातो. नंतर त्याला पहाऱ्याच्या चौकात ठेवतात आणि शहरातली भाकरी संपेपर्यंत रोज एक भाकरी देतात. टाक्यातून त्याला काढतो तो एबद-मलेख नावाचा राजवाड्यातला कूशी नोकर, म्हणजे परका माणूस. दोर सोडताना तो आधी जुन्या चिंध्या खाली टाकतो, काखेत धर म्हणतो, दोर काचू नये म्हणून. पुस्तकात कुठल्या सरदाराच्या शौर्याचं इतकं बारीक वर्णन नाही, जितकं त्या चिंध्यांचं आहे. आणि शहर पडल्यावर बाबेलचा सेनापती यिर्मयाला सांगतो की माझ्याबरोबर बाबेलला चल, तुझी चांगली सोय करतो. नसेल यायचं तर इथे राहा. हा राहतो. उद्ध्वस्त मुलखात, उरलेल्या गरिबांमध्ये.

माझं मत इथे बदललं. फितुराने ते आमंत्रण घेतलं असतं.

आणखी एक गोष्ट मला नंतर कळली. १९३५ मध्ये लाखीशच्या उत्खननात वेशीतल्या पहारेकऱ्यांच्या खोलीत, जळालेल्या थरात, शाईने लिहिलेली अठरा खापरं सापडली. याच शेवटच्या युद्धाच्या वेळचे फौजी मेसेज. होशाया नावाचा एक कनिष्ठ अधिकारी आपल्या वरिष्ठाला लिहितो. एका खापरावर तो कळवतो की ठरल्याप्रमाणे आम्ही लाखीशच्या अग्निसंकेतांकडे नजर ठेवून आहोत, अजेका दिसत नाही. यिर्मयाच्या चौतिसाव्या अध्यायात नेमकं हेच आहे की तटबंदीची शहरं आता लाखीश आणि अजेका एवढीच उरलीत. दुसऱ्या एका खापरावर त्याला फार लागलेलं दिसतं: वरिष्ठाने बहुतेक म्हटलंय की तुला पत्र वाचता येत नाही, आणि हा शपथेवर सांगतो की मला वाचून दाखवायला कधी कोणाला बोलवावं लागलेलं नाही. हे वाचून मी मोठ्याने हसलो. सगळ्या फौजा सारख्या.

पण सहावं खापर वाचून हसू गेलं. तिथे 'हात ढिले करणे' हाच शब्दप्रयोग आहे, सरदारांनी यिर्मयावर केलेला आरोप. फक्त इथे उलटं आहे. पोस्टवरचा माणूस तक्रार करतो की राजधानीतल्या सरदारांची पत्रं चांगली नाहीत, तीच माणसांचे हात ढिले करतात. म्हणजे त्या एका वेढ्यात सरदार म्हणत होते संदेष्टा मनोबल खच्ची करतो, आणि फ्रंटवरचा अधिकारी म्हणत होता सरदार करतात. शब्द एकच. कोण कोणावर फेकतो एवढाच फरक.

मनोबल खोटं असतं असं मी म्हणत नाही. रब्शाकेचा अध्याय त्याच ग्रंथात आहे. यशयाने त्या वेळी सांगितलं की शरण जाऊ नका, आणि शहर टिकलं. यिर्मयाने सांगितलं शरण जा. दोघेही संदेष्टेच. म्हणजे वाईट बातमी सांगणारा तो खरा, असा नियम नाही. अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा लोकांना सांगतो की दोन वर्षांत सगळं ठीक होईल, आणि यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू मोडून टाकतो. यिर्मयाचं पहिलं उत्तर काय? आमेन, देव करो आणि तसंच होवो. त्याला स्वतःला चूक ठरायला आवडलं असतं. याच्या उलट योना: निनवे वाचलं म्हणून हा रुसून बसतो. हल्ला झाला नाही म्हणून खट्टू होणारा सेंट्री. असेही सांगणारे असतात, आपण सगळ्यांनी पाहिलेत, आणि त्यांच्यापासून जपून राहावं लागतं. आमचा नाईक त्यातला नव्हता.

यहेज्केलचा तेहेतिसावा अध्याय सेंट्रीवरच आहे. पहारेकऱ्याने तलवार येताना पाहिली आणि शिंग फुंकलं नाही, तर मेलेल्यांचं रक्त त्याच्या माथी. फुंकलं आणि लोकांनी ऐकलं नाही, तर ते त्यांच्या माथी. यावर मी बरेच दिवस घालवले, रोज एक अध्याय हा नियम मोडून. आपल्या फौजेत हे किती नीट पाळतात बघा. रात्री दोन वाजता सेंट्रीने 'थम!' म्हणून आरोळी दिली, अख्खी पोस्ट थंडीत मोर्चात उभी राहिली आणि शेवटी निघालं रानडुक्कर, तरी त्याला कोणी रागावत नाही. उलट सकाळी शाबासकी मिळते. कारण आज त्याला रागावलं तर उद्या तो आरोळी देणार नाही, हे प्रत्येक लान्स नाईकाला कळतं. तोच माणूस दिवसा, जेवताना, कारणं देऊन म्हणाला की साहेब उतार हलणार, की आपण म्हणतो मनोबल.

मी पेट्रोल पाठवली यात चूक होतीच असं नाही. कमांडरला धोका घ्यावा लागतो, लंगरमध्ये मतदान घेऊन पोस्ट चालत नाही. पण पहाटे चारला काढायला माझं काय गेलं असतं? एक रेडिओ मेसेज, शेजारच्या पोस्टला, वेळ बदला म्हणून. तो उताराबद्दल बोलत होता, मी माझ्याबद्दल ऐकत होतो.

आणि हा नुसता माझ्या पोस्टचा प्रश्न नाही, म्हणून हे लिहितो आहे. माजी सैनिकांच्या ग्रुपवर कोणी एखाद्या अपघाताबद्दल, एखाद्या खराब बुटाबद्दल, पेन्शनच्या घोळाबद्दल प्रश्न विचारला की पाच मिनिटांत उत्तर येतं: जवानांचं मनोबल खच्ची करू नका. त्यातली दोन-तीन उत्तरं माझी आहेत, मी परवा मागे जाऊन बघितली. विचारणाऱ्यांपैकी एकाचा मुलगा आत्ता पोस्टवर आहे. तो कुठल्या बाबेलला निघालाय?

यहेज्केल संपला त्या आठवड्यात मी नाईकाला फोन केला. तो सांगली जिल्ह्यात शेती करतो. मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. "राम राम साहेब," म्हणाला, जणू काल भेटलो. मी जे सांगायचं ते सांगितलं. तू बरोबर होतास आणि कोर्टासमोर ते मी बोलायला हवं होतं. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "साहेब, मी पण पोरांसमोर बोलायला नको होतं. तुमच्या बंकरात येऊन बोललो असतो तर तुम्ही ऐकलं असतं." सतरा वर्षं तोसुद्धा आपली चूक शोधत बसला होता.

मग त्याने विचारलं, "त्या पोराला फोन केला का तुम्ही?"

"नाही."

"मग मला काय सांगताय साहेब? थांबा, नंबर पाठवतो."

नंबर आला. दोन दिवस तसाच पडून होता. तिसऱ्या दिवशी सकाळी लावला. तो बसमध्ये होता, नीट ऐकू येत नव्हतं. "कोण, सुभेदार साहेब?" असं दोनदा विचारून म्हणाला, घरी पोचल्यावर मीच करतो. संध्याकाळी त्याचा फोन आला. पाऊण तास बोललो. त्यातलं काय सांगायचं आणि काय नाही हे ठरवायचा हक्क त्याचा आहे, म्हणून ते इथे लिहीत नाही.